तिसऱ्या विसातले दहा

शेला, १४ जानेवारी २००१

बासिलियाआत्या,

बाबांनी बसवाल्याबरोबर निरोप धाडला असेलच, तरी माझ्या हातानं लिहिते. मला इथं शहरात नोकरी लागली. कुणाच्या बाळंतपणाच्या रजेतली बदली नाही, खरी नोकरी. ‘रोजचं गणित’ नावाची मोहीम निघाली आहे, मोठ्या माणसांना व्यवहारापुरते आकडे शिकवण्याची. मी गटप्रमुख. करार सहा महिन्यांचा, काम पटलं तर कायम.

तूच बघ ना, आपल्याकडे औषधाच्या बाटलीवरचं माप किती जणींना वाचता येतं? पाण्यात क्लोरीनचे थेंब अंदाजानं टाकतात, कधी पोटं बिघडतात तर कधी तोंडं. मुलाखतीत मी म्हटलं, ‘यात लाज शिकली नाहीत त्यांची नाही, ज्यांनी शिकवलं नाही त्यांची आहे.’ आमच्या संचालिका रूथबाई चष्मा काढून माझ्याकडे बघत राहिल्या. मग विचारलं, डोंगरातली किचे भाषा येते ना? आकड्यांसकट? मी म्हटलं, घरचीच भाषा आहे.

पाच वाड्या माझ्याकडे दिल्यात, त्यात आपली चुइआबाह. ४ फेब्रुवारीला येते. आरोग्य केंद्राच्या नर्स मिरियाम यांनी एक काम जोडून दिलंय. प्रत्येक सुइणीकडून गरोदर बायकांची यादी घ्यायची, कुणाचे किती दिवस उरलेत त्याची. जिला धोका आहे तिला न्यायला केंद्राची गाडी दिवस भरायच्या आठ दिवस आधी रस्त्याच्या तोंडाशी येईल. एस्तेलाचं नाव मी आधीच लिहून ठेवलंय. पहिल्या वेळी तिचं पोट कापावं लागलं होतं, या वेळी तिनं घरी बाळंत होताच कामा नये. त्या गाडीसाठी तरी बायका जमव. आणि वर्गात पहिल्या बाकावर तू हवीस.

तुझी नोएमी

चुइआबाह, २२ जानेवारी

नोएमी,

पत्र पोचलं. वाचायला दोन दिवस गेले. शिकून तुझं अक्षर डॉक्टरांसारखं झालंय. मला चर्चच्या वर्गात बायांनी अक्षरं शिकवली ती छापील, हे लक्षात ठेवून लिहीत जा.

बायका जमवते. पण रविवारी चर्चमधली मिसा सुटल्यावर वर्ग ठेव, आणि शेलाचे गोड पाव आण. नुसत्या शहाणपणासाठी आपल्या वाडीतली फेलिपा उंबरा ओलांडायची नाही. तिनं आत्ताच विचारलंय, ‘सेन्यो नोएमी शिकवणार की नुसतीच फोटो काढून जाणार?’ बघ, तुला सगळे सेन्यो म्हणायला लागले. मास्तरीण झालीस. तुझा बाप तर बाजारात कुणी न विचारताच सांगत सुटतो.

मला शिकवणार म्हणतेस, शिकव बाई. कागदावरचे आकडे मला येत नाहीत हे खरंच. पण मोजता येत नाही असं धरून चालू नकोस. पंधरा विसांच्या वर बाळं या हातांवर आली. प्रत्येक पोटामागे माझ्या आढ्याला वाळक्या भोपळ्याचा एक तुंबा टांगलेला असतो. रोज सकाळी त्यात मक्याचा एक दाणा. वीस झाले की दाणे काढून एक काळा घेवडा. तेरा घेवडे झाले, म्हणजे तेरा विसा दिवस भरले, की बाळ दारात उभं. एखाददुसरा दिवस इकडे तिकडे, त्याहून जास्त नाही. तू तेवढी चार दिवस आधी आलीस. तेव्हापासून तुला घाईच.

एस्तेलाचं बघ. मला तिचीच काळजी आहे. गाडी येणार असेल तर मी दोन्ही हातांनी तुझी पापी घेईन.

बासिलिया

शेला, ११ फेब्रुवारी

आत्या,

त्या रविवारी तू निरोप न घेता उठून गेलीस. मी दारापर्यंत आले होते, तू वळून बघितलं नाहीस.

मी चाचणीचे गुण मोठ्यानं वाचायला नको होते का? आठवडाभर हाच विचार करते आहे. रूथबाई म्हणतात, आकडे झाकून ठेवले तर प्रगती कशी दिसणार? वीसपैकी चार, ही तुझी लाज नाही आत्या, ही सुरुवात आहे. बायका हसल्या त्या तुझ्या गुणांना नाही, उत्तराला. मी विचारलं, ताशी चाळीस किलोमीटर जाणारी बस साठ किलोमीटरला किती वेळ घेईल, आणि तू म्हणालीस, ‘कुणाची बस? सान्तोसची असेल तर पोचतच नाही.’ मलाही हसू आलं होतं. पण मी ‘चूक’ म्हटलं आणि फळ्यावर फुली मारली. ती फुली मला अजून दिसते.

नंतर रागात असूनही तू यादी मात्र दिलीस. एस्तेलाचे ‘तिसऱ्या विसातले दहा’ दिवस उरले, मार्सेलिनाचे ‘सातव्या विसातले पंधरा’, असे सगळे. तुझी ही जुनी मोजणी कचेरीत कुणाला कळणार नाही, म्हणून मी साधे आकडे करून कॅलेंडरवरच्या तारखा काढून दिल्या. बाकीच्या चार वाड्यांतल्या सुइणींनीही असंच सांगितलं, त्यांच्याही तारखा काढल्या. नर्स मिरियाम म्हणाल्या, इतकी स्वच्छ यादी आजवर कुणी दिली नव्हती.

एस्तेलासाठी गाडी ७ एप्रिलला सकाळी येईल. तिला आणि तिच्या नवऱ्याला, लोरेन्सोला सांग. आणि रुसू नकोस.

नोएमी

चुइआबाह, २५ फेब्रुवारी

नोएमी,

रुसले नाही. लाज वाटली. या वयात लाज वाटली की माणूस घरी जातो, एवढंच. फेलिपाला सात मिळाले आणि ती तीन दिवस माझ्या घरावरून मुद्दाम हळू चालत गेली.

एक विचारायचंय. गाडी सात एप्रिलला म्हणतेस. चर्चच्या घंटावाल्याला विचारलं, तो म्हणाला तो ईस्टरआधीच्या पवित्र आठवड्याच्या तोंडावरचा शनिवार. माझ्या तुंब्याप्रमाणे एस्तेलाचं बाळ संत होसेच्या सणानंतर सात दिवसांनी यायला हवं, म्हणजे मार्चातच. मी तिसऱ्या विसातले दहा म्हटले होते. तू तेच लिहिलंस ना? मग गाडी एवढी मागून कशी येते? पुन्हा एकदा बघशील का?

बासिलिया

शेला, ४ मार्च

आत्या,

पुन्हा बघितलं. तीन वेळा ताळा केला. तू सांगितलेलंच लिहिलंय, एक दिवस इकडे तिकडे नाही. दिवसांवरून तारीख काढताना फेब्रुवारी अठ्ठावीसचा आणि मार्च एकतीसचा धरावा लागतो, सणांवरून मोजलं की घोळ होतो. तुंब्यांचंही कधी ना कधी चुकायचंच. एखाद्या सकाळी दाणा टाकायचा राहतो, कोंबडी एखादा घेवडा पळवते.

मी चिडून लिहीत नाही. पण आपली मोहीम नेमकी याचसाठी आहे, की अंदाजावर कुणाचा जीव टांगलेला राहू नये. कागदावर विश्वास ठेव. माझ्यावर ठेव.

इथं फार काम आहे. रूथबाईंनी मेमध्ये राजधानीतल्या मोठ्या सभेसाठी माझं नाव सुचवलंय.

नोएमी

चुइआबाह, २ एप्रिल

नोएमी,

बाबांनी तुला अर्धं सांगितलं असेल. पूर्ण मी सांगते.

पंचवीस मार्चला, रविवारी, सकाळी एस्तेलाला कळा लागल्या. मी तुंबा काढून बघितला. तेराव्या घेवड्याला एक दाणा कमी होता. मी महिनाभर तो तुंबा बघत होते, पोरी. रोज वाटायचं, तिला आता खाली न्यावं. रोज तुझं पत्र काढून वाचायचे आणि म्हणायचे, वीसपैकी चारवाली तू, गप्प बस. शाळा शिकलेल्या पोरीनं तीन वेळा ताळा केलाय.

लोरेन्सोनं आणि तिघांनी तिला खुर्चीला बांधून खाली नेलं. रस्त्यापर्यंत तीन तास. मी बाजूनं चालत होते, हात तिच्या पोटावर. अर्ध्या वाटेत पोट माझ्या हाताखाली एकदम वेगळं लागलं. मला कळलं, पहिल्या वेळचा छेद आतून फाटला. रस्त्यावर भाजीचा ट्रक मिळाला.

मुलगी होती. पोटात गेलेलीच निघाली. एस्तेला वाचली, पण तिची पिशवी काढून टाकावी लागली. तिचा मोठा पोरगा तीन वर्षांचा, आता तेवढाच. वय बावीस तिचं.

बुधवारी नर्स मिरियामनं बोलावलं. वीसेक माणसं होती. ती म्हणाली, दिवस चुकीचे सांगितलेस. मी काही बोलले नाही. तिनं माझं सुइणीचं कार्ड काढून घेतलं. ते ठीक झालं. मी सगळे तुंबे उतरवून ठेवलेत.

तू आपलं काम कर. तुझ्या बापाला आनंदात राहू दे.

बासिलिया

शेला, ९ एप्रिल

प्रिय आत्या,

तुझं पत्र वाचून दोन दिवस जेवण गेलं नाही. पण तू स्वतःला दोष देऊ नकोस. दोष तुझा नाही, ज्या व्यवस्थेनं तुला आकडे शिकवले नाहीत तिचा आहे. मी नर्स मिरियामना लिहिलंय की बासिलिया बात्स हिचं वय बघा, तिनं केलेली सेवा बघा, झालेली चूक अज्ञानातली आहे. वर्ग पूर्ण केला तर कार्ड परत मिळू शकेल, असं त्यांचं उत्तर आलंय. सोबत अर्ज जोडलाय. नाव, वय, किती वर्षं काम केलं ते भरून दे.

आणखी एक. तुला वाईट वाटेल कदाचित. मी अहवालात ही हकिगत लिहिली. तुझं नाव नाही लिहिलं, ‘डोंगरातली एक वृद्ध सुईण’ एवढंच. वीस दिवसांची चूक आणि एका आईचं काय झालं. रूथबाईंनी ती वाचताना डोळे पुसले. म्हणाल्या, राजधानीच्या सभेत तू हेच सांग, गणित कशासाठी हे एका मिनिटात कळेल. म्हणजे ते बाळ अगदीच वाया गेलं नाही, असं मी मनाला समजावते.

तुझी नोएमी

चुइआबाह, २३ एप्रिल

नोएमी,

अर्ज परत पाठवलाय. रकाने लहान आहेत, माझं अक्षर मावत नाही, म्हणून इथं सांगते ते तूच भर. वय चौथ्या विसातली तीन वर्षं. काम दुसऱ्या विसातली अठरा वर्षं.

एस्तेलाला तेव्हापासून खाली गावात सासरी ठेवलंय. बाजाराला गेले तेव्हा दारावरून गेले. सासूनं दार लावून घेतलं.

अहवालाचं वाचलं. लिहिलंस ते लिहिलंस.

बासिलिया

शेला, ३० एप्रिल

आत्या,

हे पत्र तू एकटी असताना वाच.

अर्ज भरायला बसले. वयाच्या रकान्यात तुझे ‘चौथ्या विसातली तीन’. मी सवयीनं केलं, वीस चोक ऐंशी आणि तीन, त्र्याऐंशी. लिहिलंसुद्धा. मग हसू आलं, आत्या आपलं वय वीस वर्षांनी वाढवते आहे. तुझं ओळखपत्र मीच काढून दिलं होतं, जन्मसाल १९३८. तुला त्रेसष्ट वर्षं झाली.

आणि मग हसू थांबलं. त्रेसष्ट. तीन विसा भरून झाल्या, चौथी चालू आहे, तिच्यातली तीन. म्हणजे तिसऱ्या विसातले दहा म्हणजे साठ आणि दहा नव्हे. दोन विसा भरल्या, चाळीस, आणि तिसरीतले दहा. पन्नास.

मी सत्तर लिहिले होते. वीस दिवसांची चूक तुझ्या तुंब्यात नव्हती. माझ्या पेन्सिलीत होती. तू मला विचारलंस आणि मी तीन वेळा ताळा केला, तीनदा त्याच चुकीचा.

रूथबाईंनी मुलाखतीत विचारलं तेव्हा मी म्हटलं होतं, घरचीच भाषा आहे. आत्या, मला किचेत चाळीसच्या पुढं मोजता येत नाही. शाळेत पहिल्या दिवसापासून स्पॅनिशमध्येच मोजलं. इथं कचेरीत तर मी आपली भाषा बोलतच नाही, फक्त येते म्हणून पगार घेते. मला वाटलं, पुढे सगळं नुसती बेरीज असणार.

आणि मी तुला अडाणी म्हटलं. छापून म्हटलं.

मी रूथबाईंना सांगणार आहे. पण १९ मेला सभा आहे, जूनमध्ये करार संपतो, बाबांनी माझ्या पगाराच्या भरवशावर छताला हात घातलाय. म्हणून सभेनंतर सांगावं असं मनात येतं. हे मी लिहिते आहे कारण तुझ्यापासून आता आणखी काही लपवायचं नाही. मला शिक्षा कर. आणि मला चाळीसच्या पुढचं शिकव.

नोएमी

चुइआबाह, ७ मे

नोएमी,

मला माहीत होतं.

नर्स मिरियामनं सगळ्यांसमोर म्हटलं, ‘तूच सत्तर सांगितलेस.’ सत्तर ऐकलं तेव्हाच कळलं तू कुठं पाय घसरलीस. अगं, साधं आहे. वाटेतल्या माणसाला विचार, कुठं निघालास? तो पुढच्या गावाचं नाव सांगतो, मागं टाकलेल्या गावाचं नाही. चाळीस ओलांडले की आपण साठीकडे निघालो, म्हणून तिसऱ्या विसातले. तू लहान होतीस तेव्हा माझ्या मांडीवर सूत मोजायचीस. मग शाळेत गेलीस आणि आम्हीच म्हटलं, तिथलंच शिक, आपल्यात काय ठेवलंय.

बोलले नाही कारण तिथं वीस माणसं होती. लाजेनं कुणी तरी मरायचंच तर म्हातारी बरी, असं वाटलं. आपल्या घरातून पहिलीच तू वर गेलेली. ते चुकलं माझं. फार चुकलं. कसं ते सांगते.

तू चार पानं रडलीस. पत्र चांगलं आहे, मला तुझी कीव आली. पण पोरी, त्या चार पानांत मार्सेलिना कुठं आहे? सातव्या विसातले पंधरा. तिचे तू किती लिहिलेस? तिला मी आज सांगून आले, जूनच्या मध्यावर खाली जाऊन राहायचं, गाडी येवो न येवो. पण उरलेल्या चार वाड्यांतल्या सुइणींनीही तुला असंच सांगितलं म्हणाली होतीस. त्यांना कोण सांगणार? तुझी सभा? मलाही हे इतके दिवस सुचलं नाही, काल मक्याच्या तोर्तिया थापताना सुचलं आणि हात थांबले. तू लाजेत बुडालीस, मी मोठेपणात बुडाले, आणि यादी तिथं भिंतीवर तशीच.

आधी ती दुरुस्त कर. हे पत्र वाचून झालं की ऊठ.

आणि माझ्यापुढं गुडघे टेकू नकोस. माझं कार्ड खणात पडलं तरी मला भाकर आहे. एस्तेलाला सासू म्हणते, तुझ्या अंगातच खोट, नाहीतर बाळ वीस दिवस आधी का आलं? ती पोर आता ते खरं मानायला लागली आहे. बाळ वेळेवरच आलं होतं, नोएमी. हे तिला कुणीच सांगितलेलं नाही.

चाळीसच्या पुढचं शिकवीन. तुझ्या परीक्षेसारखं सगळ्यांसमोर मात्र नाही.

बासिलिया

खालचं गाव, २९ मे

आत्या,

हे पत्र फेलिपा वर येते आहे तिच्याकडे देते. मी इथं चर्चच्या धर्मशाळेत उतरले आहे. वर तुझ्याकडे यायचं धैर्य एस्तेलाकडे जाऊन आल्याशिवाय होईना.

तुझं पत्र मिळालं त्याच दिवशी निघाले. चारही वाड्या पायी फिरले. अकरा जणींच्या तारखा चुकल्या होत्या. तिघी आधीच बाळंत झालेल्या, सुखरूप, माझ्या कागदाकडे न बघता त्यांच्या सुइणी वेळेवर पोचल्या म्हणून. आठ नावं दुरुस्त केली, केंद्राच्या भिंतीवरचा कागद बदलला. पण प्रत्येक ठिकाणी मी काय म्हटलं ठाऊक आहे? ‘यादीत एक चूक झाली आहे.’ झाली. पावसाळ्यात वाट खचते तशी, आपली आपण. सुइणी म्हणाल्या, होतं कधी कधी. एकीनं मला मक्याचं गरम आतोल दिलं आणि मी ते प्यायले.

रूथबाईंना खरं सांगितलं. त्या म्हणाल्या, ‘दुरुस्त केलंस ना? मग झालं. सभेत तो प्रसंग वगळ. सगळं सगळ्यांना सांगायलाच हवं असं नाही, मोहिमेवर विश्वास ठेवणारी माणसं आहेत.’ आणि मी वगळला. १९ तारखेला उभी राहिले, औषधाच्या मापाचं बोलले, क्लोरीनच्या थेंबांचं बोलले. टाळ्या वाजल्या. बाबांना सांगू नकोस, त्या टाळ्या मला आवडल्या. रात्रभर बसमध्ये मी त्यांचीच आठवण काढत होते.

काल नर्स मिरियामना लेखी दिलं, माझ्या सहीनं, की बासिलिया बात्स हिनं सांगितलेले दिवस बरोबर होते. त्यांनी कागद दोनदा वाचला, म्हणाल्या, ‘तुमच्या आत्या त्या दिवशी काहीच कशा बोलल्या नाहीत?’ कार्डाचं जूनच्या बैठकीत ठरेल. रूथबाईंनाही त्याची प्रत पाठवली. करार पुढे चालणार नाही असं दिसतं.

आज दुपारी एस्तेलाकडे गेले. ती अंगणात वाटाणे सोलत बसली होती. सासू, एउसेबियाबाई, चुलीशी. मला बघून एस्तेला उठायला गेली, ‘या सेन्यो’ म्हणाली. मला वाटलं होतं ती शिव्या देईल. तिनं स्टूल पुसून दिलं.

मी पाठ करून आले होते. म्हटलं, ‘एस्तेला, तुझ्या दिवसांच्या हिशेबात चूक झाली होती.’

तिनं वाटाणे खाली ठेवले. ‘झाली?’

‘हो.’

‘झाली की केली, सेन्यो?’

‘केली.’

‘कुणी?’

‘मी. आत्यानं पन्नास सांगितले, मी सत्तर लिहिले. तिनं मला पत्रातून विचारलं होतं, मी तिलाच खोटं पाडलं. तुझं बाळ आधी नाही आलं. ते अगदी वेळेवर आलं. गाडी उशिरा येणार होती. माझ्यामुळे.’

ती रडेल म्हणून मी रुमाल काढून ठेवला होता, तो तसाच हातात राहिला. मग ती म्हणाली, ‘वेळेवर आली होती?’ पहिल्यांदा कुणी तरी तिच्या मुलीविषयी ‘आली’ असं म्हटलं, आणि ते म्हणणारी ती स्वतःच होती.

मी म्हटलं, ‘एक दिवस आधी. फक्त एक.’

मग तिनं चुलीकडे हाक मारली. ‘आई, बाहेर या. सेन्योला काही सांगायचंय.’ माझ्याकडे वळून म्हणाली, ‘सांगा. आत्ता सांगितलंत तसंच.’

मी एउसेबियाबाईंना सांगितलं. त्यांनी ॲप्रनला हात पुसत ऐकलं आणि आत गेल्या. एस्तेला म्हणाली, ‘थांबा. लोरेन्सोची बहीण येईल आता.’ तिला सांगितलं. मग शेजारीण आली वाटाण्याचं टोपलं न्यायला, तिला. नंतर लोरेन्सो शेतावरून आला. तो ऐकून भिंतीला टेकला आणि म्हणाला, ‘मी खुर्ची हळू धरली म्हणून झालं असं मला वाटत होतं.’ आत्या, तो इतके दिवस हे मनात घेऊन फिरत होता.

प्रत्येक वेळी मला वाटायचं, आता तरी थोडं हलकं होईल. झालं नाही. दर वेळी ‘मी’ म्हणताना जीभ ‘झाली’कडे वळायची आणि एस्तेला माझ्या तोंडाकडे बघत असायची. तिनं मला एकदाही रागानं काही म्हटलं नाही. माफ केलं असंही म्हटलं नाही. मी विचारलंही नाही, ते विचारायचा हक्क मला आहे असं वाटत नाही.

निघताना ती दारापर्यंत आली, पोटावर हात धरून, अजून टाके ओढतात तिला. मी म्हटलं, ‘आणखी काय करू, सांग.’

ती म्हणाली, ‘उद्या बाजार आहे. सगळ्या वाड्यांची माणसं उतरतात. उद्याही या.’

मी जाते आहे.

नोएमी